गीझरचा स्मार्ट प्लग : पाच महिन्यांचा हिशेब

नोकरीची शेवटची बारा वर्षं कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात गेली. कुठल्या वीजकेंद्राने कधी किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून संध्याकाळी फोन आला की २५० मेगावॅटचं मशीन काही मिनिटांत ग्रिडवर घ्यायचं, मागणी उतरली की बंद करायचं. आता कऱ्हाडला फ्लॅटमध्ये बसून दोन किलोवॅटचा गीझर चालू-बंद करतो. मशीन लहान झालं, खोड तीच.

निमित्त नव्या स्मार्ट मीटरचं, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली तेही नोंदवणाऱ्या मीटरचं. जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये वापरलेल्या युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. दुपारी सौर वीज भरपूर असते, ती तेव्हाच खपली पाहिजे. सूर्य कलला की सगळं ओझं कोळसा आणि कोयनेवर. मला पटलं. ११०० रुपये टाकून वायफायचा १६ अँपिअरचा प्लग आणला; मोबाइलच्या ॲपमध्ये वेळ लावली की तो गीझर आपोआप चालू-बंद करतो. (सहाचा घेऊ नका, गीझरला तो टिकणार नाही.)

पहिल्याच आठवड्यात फजिती. साडेनऊची वेळ लावली, तर गीझर सातला सुरू! रोज बरोबर अडीच तास आधी. शेवटी लक्षात आलं, ॲपमध्ये घड्याळ चीनचं होतं. सेटिंगमध्ये कोलकाता (भारताची वेळ तिथे याच नावाने असते) निवडल्यावर सुधारलं. कंपनीच्या मदत क्रमांकावर मात्र दोन दिवस नुसती धून ऐकली.

या प्लगचं खरं मोल त्याच्या युनिट मोजण्यात आहे. माझी शक्कल अशी होती की दुपारी चारला स्वस्तात पाणी तापवून ठेवायचं आणि सकाळी आंघोळ. पंचवीस लिटरच्या टाकीला १.०४ युनिट लागलं. सकाळी नळ सोडला तर कोमट. पुन्हा तापवायला ०.३८ युनिट. म्हणजे ८३ पैसे वाचवायला तीनेक रुपये घालवले. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! कोयनेत पाणी रात्रभर धरणात थांबतं, गीझरमधली ऊब थांबत नाही, एवढं मला तरी कळायला हवं होतं.

मग उपाय एकच, पाणी नव्हे तर माणूस हलवायचा. आता मी साडेनऊला आंघोळ करतो. कपड्यांचं मशीन अकराला, इस्त्री दुपारी. महिन्याला ४५ युनिट दिवसात सरकली, ३६ रुपये सुटले. त्यात प्लगचा वाटा ३० युनिटांचा, म्हणजे २४ रुपये. किंमत वसूल व्हायला जवळजवळ चार वर्षं, आणि हेच काम बोटाने बटण दाबूनही झालं असतं. इस्त्रीला आणि कपड्यांच्या मशीनला तर प्लग लावलेलाच नाही.

आणखी एक. लाइट जाऊन आली की प्लग आपोआप चालू होतो. ती सेटिंग आधी बदला, नाहीतर गावाला गेल्यावर मागे गीझर उकळत बसेल.

पाचपैकी तीन तारे. मोजमापाची आवड असेल तर घ्या. नुसती बचत हवी असेल तर स्विचबोर्डवर वेळेची चिठ्ठी चिकटवा.

हिची आंघोळ पहाटे सहाला, देवपूजेच्या आधी. मी सवलतीचा विषय काढला, तेव्हा म्हणाली, "तुमचं कळवा तुमच्यापाशी ठेवा." सहाची वेळ मी ॲपमध्ये तशीच ठेवली आहे.