दहा महिने यूव्ही, टीडीएस मीटर आणि 'काळी बाटली': किनाऱ्यावरच्या विहिरीच्या पाण्याचा अनुभव

गेल्या जुलैत आमच्या धाकटीला कावीळ झाली. नऊ वर्षांची पोर, तीन आठवडे पडवीतल्या कॉटवर पडून होती. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी म्हटलं, घरच्या विहिरीचं. आमच्या वाडीत या विहिरीच्या पाण्याला नाव आहे, लग्नकार्याला शेजारचे हंडे भरून नेतात. डॉक्टर म्हणाले, काविळीचा विषाणू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला दोन ते सात आठवडे लागतात, तेव्हा कुठलं पाणी बाधलं हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण विहीर तपासून घ्या.

तिथून हे सगळं सुरू झालं. दहा महिन्यांत मी एक यूव्ही यंत्र (अतिनील किरणांच्या दिव्याने पाण्यातले जंतू मारणारं), एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि पाणी तपासायच्या डझनावारी बाटल्या वापरल्या. कोकणात ज्यांच्या घरी विहीर किंवा बोअर आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, कारण घ्यायला गेले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नाही.

आमचं गाव उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर. नळाला पाणी एक दिवसाआड, पाऊण तास, तेही नदीकाठच्या विहिरीतून उपसलेलं. म्हणजे नळाचं असो की घरचं, शेवटी जमिनीतलंच पाणी. आमची विहीर चिऱ्याची, दहा फूट व्यासाची.

ऑगस्टमध्ये यंत्र विकणारा एक मुलगा घरी आला. त्याने दोन ग्लास मागितले, एकात विहिरीचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हींत लोखंडी दांड्यांचं उपकरण बुडवून बटण दाबलं. आमचं पाणी मिनिटभरात तांबूस, मग काळपट झालं, वर गाळ तरंगायला लागला. त्याचं तसंच राहिलं. सासूबाई घाबरल्या. "हे पितो आपण?" असं दोनदा म्हणाल्या. माझा पुतण्या डिप्लोमाला आहे, त्याने तिथल्या तिथे त्या मुलाच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाला, आता दाबा बटण. तेही तांबडं झालं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि त्या दांड्यांचंच लोखंड सुटून पाण्यात उतरतं, एवढंच ते आहे. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. कृपा करून या प्रयोगावर विसंबून कोणीही वीस हजार रुपये देऊ नका.

त्यानंतर मी अडीचशे रुपयांचा टीडीएस मीटर मागवला. वस्तू चांगली आहे, दहा महिन्यांत सेल एकदाच बदलला. विहिरीचा आकडा (लिटरला मिलिग्रॅम) ऑगस्टात ८५, जानेवारीत १४०. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) ५०० पर्यंत पाणी उत्तम धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. जांभ्यातलं पाणी असंच हलकं असतं. डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो. असल्या पाण्याला आरओ (दाबाने पडद्यातून गाळून क्षार काढणारं यंत्र) लावणं मला पटलं नाही. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं, आणि एप्रिलनंतर आमच्याकडे कळशी-कळशीचा हिशेब असतो. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ नको, असा आदेश केंद्र सरकारला दिला होता. म्हणून मी साडेआठ हजारांचं यूव्ही घेतलं. आत गाळ अडवायची एक जाळी, एक कार्बनची आणि मग दिवा.

पण टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं, हा समज सगळ्यात घातक आहे, आणि दोन महिने तो माझाही होता. मीटर फक्त विरघळलेले क्षार ओळखतो, तोही पाण्यातून वीज किती वाहते यावरून. जंतू त्याला दिसतच नाहीत. शौचालयाचं पाणी झिरपून विहिरीत येत असलं तरी तो ८५ दाखवू शकतो. ज्या पाण्याने माझी मुलगी आजारी पडली असेल त्याचाही आकडा तेवढाच असणार. हे लक्षात आलं त्या दिवशी मी मीटर खणात ठेवून दिला. तो पुन्हा बाहेर काढला तो एप्रिलात, ते पुढे सांगते.

खरी उपयोगाची वस्तू निघाली ती एचटूएसची (जंतूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणारी) बाटली. आमच्याकडे सगळे तिला काळी बाटलीच म्हणतात. चाचणी भारतातलीच, १९८२ सालची. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या बायकांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवतात, आमच्या वाडीतल्या एक वहिनी तशा शिकलेल्या आहेत, त्यांनी मला दाखवली. लहानशी बाटली, तळाला औषध. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, घट्ट बंद करून सावलीत ठेवायची. २४ तासांत पाहायचं, मग ४८ तासांत. शौचाच्या घाणीतले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. थंडीत जरा उशीर लागतो.

ऑक्टोबरात माजघरातल्या फळीवर मी चार बाटल्या ओळीने ठेवल्या: विहीर, नळ, यंत्र आणि माठ. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावायला गेले तर विहिरीची बाटली डांबरासारखी काळी. सासूबाई बराच वेळ ती हातात धरून उभ्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हेच पाणी शेंदलंय. नळाची दुपारपर्यंत करडी झाली. यंत्राची स्वच्छ, तेव्हा मनाला बरं वाटलं. पण तिसऱ्या दिवशी माठाची बाटली काळी पडली, आणि माठात पाणी यंत्राचंच होतं.

हे मला कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं. यूव्ही दिव्याखालून जाताना जंतू निकामी होतात, पण पुढे पाण्याची राखण करणारं त्यात काही उरत नाही. क्लोरीन पाण्यात मागे उरतो, यूव्हीचं काहीच उरत नाही. मुलं खेळून आली की पेला थेट माठात बुडवायची, बोटं पाण्यात. आता माठाला तोटी बसवली, पेला आत जातच नाही, आणि दर चार दिवसांनी माठ रिकामा करून घासून उन्हात ठेवते. त्यानंतर तीनदा तपासलं, तिन्ही वेळा बाटली स्वच्छ राहिली. तोटीला नव्वद रुपये लागले.

काळी झालेली बाटली मोरीत ओतू नका, तिच्यात जंतूंची पैदास झालेली असते. त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून तासाभराने लांब खड्ड्यात पुरायची. आणि बाटली स्वच्छ राहिली म्हणजे पाण्यात विषाणूही नाहीत असं होत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

आता यंत्राबद्दल. पाणी चवीला चांगलं, चालवायला सोपं. दोन त्रास मात्र मोठे. पहिला, गाळाची जाळी. कंपनी सहा महिने म्हणते, आमची पाच आठवड्यांत चिऱ्याच्या रंगाची झाली. पावसात विहिरीचं पाणी किंचित गढूळ असतं आणि गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश पोचत नाही, जंतू कणांच्या आड राहतात. तेव्हा सप्टेंबर संपेपर्यंत मी पाणी तुरटी फिरवून रात्रभर निवळायला ठेवायची आणि वरचं तेवढं यंत्रात घालायची. दुसरा त्रास विजेचा. आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते, कधी दीड-दोन दिवस येत नाही. यंत्र बंद. त्या दिवसांत गॅसवर उकळायचं, दुसरा इलाज नाही. खदखदून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. दिवा निळा दिसतो म्हणून तो काम करतोच असंही नाही, त्याचा जोर हळूहळू कमी होतो, वर्षाने तो बदलायलाच हवा. मी तारीख खडूने यंत्रामागे लिहून ठेवली आहे.

तरी स्वयंपाकघरात यंत्र लावून मूळ दुखणं बरं होत नव्हतं. आंघोळीचं, भांड्यांचं, दात घासायचं पाणी विहिरीचंच. दिवाळीनंतर ह्यांनी टेप घेऊन विहिरीपासून शौचालयाच्या शोषखड्ड्यापर्यंत मोजलं. चोवीस फूट. किमान पन्नास फूट लागतं. खड्डा आमचाच, शौचालय बांधताना आम्हीच जागा दाखवलेली. आणि खाली जांभा. चिरा खणताना ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, त्यात बोट जाईल एवढी भोकं असतात. मातीतून पाणी गाळून येतं, जांभ्यातून नुसतं वाहत येतं. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढं पाणी त्या भोकांतून जात असेल तर चोवीस फुटांत ते काय गाळलं जाणार?

जानेवारीत खड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीपासून साठ फुटांवर नेला. अठरा हजार खर्च आला. यंत्राच्या दुपटीपेक्षा जास्त, पण आधी हेच करायला हवं होतं. जुना खड्डा उपसून, चुना टाकून बुजवला. फेब्रुवारीत विहिरीची बाटली पहिल्या दिवशी स्वच्छ राहिली, दुसऱ्या दिवशी करडी झाली.

मग विहिरीत टीसीएल. इथे आमच्याकडे सर्रास चूक होते. पुडी फोडतात आणि कोरडी पावडर वरून भिरकावतात. ती तळाशी चुन्यासारखी बसते. गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या आमच्या जलसुरक्षकांनी नीट करून दाखवलं. आधी हिशेब: तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी, म्हणजे साधारण अठ्ठावीस हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून सत्तर ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात खळीसारखं कालवायचं, मग बादली पाऊण भरून दहा मिनिटं ठेवायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडायची आणि वरखाली, आजूबाजूला हिसके द्यायचे. संध्याकाळी करायचं, रात्रभर पाणी काढायचं नाही. सकाळी ओटी टेस्ट (उरलेला क्लोरीन पाहायची): नळीत पाणी, ऑर्थोटोलिडीनचा थेंब टाकला की फिकट पिवळा रंग यायला हवा. घरात पोचणाऱ्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा असं मानक सांगतं. रंग आलाच नाही तर औषध घाणीतच खर्च झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचं. टेस्टचं पाणी ओतून द्या, पिऊ नका. पावडर ताजी आणि पुडी हवाबंद हवी. उघड्या गोणीतली जुनी पावडर म्हणजे नुसता चुना. मार्चमध्ये विहिरीची बाटली पहिल्यांदा दोन्ही दिवस स्वच्छ राहिली. सासूबाईंनी ती आठवडाभर फळीवरून हलवू दिली नाही.

नळाच्या टोकाच्या घरांत मात्र ओटी टेस्टला कितीदा रंगच येत नाही. टाकीत क्लोरीन असतो, पण पाणी बंद झालं की रिकाम्या पाइपात गटारातलं पाणी ओढलं जातं. रंग न आलेल्या पाच तारखा वहीत मांडून मी त्या पाणीपुरवठा पाहणाऱ्यांना सांगायला गेले होते. गळतीच्या दोन जागा दुरुस्त झाल्या, एक अजून तशीच आहे. तिच्यासाठी पुन्हा जाणार आहे.

एप्रिलात विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं तेव्हा मीटर पुन्हा बाहेर आला. २१०, मग ३४०, मेच्या पहिल्या आठवड्यात ५९०. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं असेल तर खाली चाळीस मीटर असतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे वरचं थोडं जरी उपसलं तरी खालून खारं बरंच वर चढतं. शेजारच्या बागेला तासन्‌तास पंप चालायचा. आम्ही आणि शेजारची दोन अशा तिन्ही घरांनी बसून ठरवलं: पंप सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, मधे विहिरीला भरायला वेळ. दहा दिवसांत आकडा ४३० वर आला. टीडीएस मीटरचा खरा उपयोग हा. दर रविवारी एकाच वेळी मोजायचं आणि भिंतीवर लिहायचं.

यंत्राला मी पाचपैकी साडेतीन देईन, मीटरला तीन, काळ्या बाटलीला पाच. ज्यांचं पाणी बारा महिने ५०० च्या खाली आहे त्यांनी यूव्ही घ्यावं, पण आधी टेप घेऊन शोषखड्ड्यापर्यंतचं अंतर मोजावं. ज्यांच्या बोअरला वर्षभर खारं लागतं त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी आधी प्रयोगशाळेतून पूर्ण तपासणी करून घ्यावी.

आता आगोटीची कामं चालू आहेत. विहिरीचा कठडा ह्यांनी दीड फूट उंच केला, भोवती सिमेंटचा ओटा घातला आणि अंगणातलं पाणी उलट्या बाजूला वळवलं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी बाटली भरणार आहे. सहा बाटल्या आणून ठेवल्या आहेत, दोन शेजारच्यांच्या विहिरीसाठी.