पिंग, पोलिंग की ट्रॅप : गावाकडच्या नेटवर्कवर नजर ठेवायला काय घ्यावं?

मेळघाटातल्या पाच-दहा गावांना फायबरवरून इंटरनेट पुरवायचं ठरवलंत, तर सगळ्यात महाग पडते ती फुकटची चक्कर. परतवाड्याहून घाट चढून माणूस सेमाडोहच्या पुढे पोचतो आणि कळतं की केबल शाबूत आहे, नुसती वीज गेली होती. म्हणून देखरेखीची पद्धत निवडताना मी आधी एवढंच पाहतो: पोर्ट (यंत्रावर केबल जोडायची जागा) बंद दिसला, तर तो का बंद आहे हे बसल्या जागी कळेल का?

पिंग म्हणजे यंत्राला ‘आहेस का?’ विचारून उत्तराची वाट पाहणं. त्याला ते कळत नाही. वीज गेली, जेसीबीनं केबल तोडली किंवा कुणी मुद्दाम पोर्ट बंद केला, त्याच्या लेखी तिन्ही सारखंच. दोन-तीन जवळची ठिकाणं असतील तर पिंगवर भागेल. त्यापुढे त्याच्या भरवशावर राहू नका.

एसएनएमपी पोलिंगमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या यंत्रांना ठरावीक वेळानं त्यांची स्थिती विचारण्यात, प्रत्येक पोर्टच्या दोन वेगळ्या नोंदी मिळतात. आपल्याला पोर्ट कसा हवा आहे ती ॲडमिन स्थिती, आणि तो प्रत्यक्षात कसा आहे ती ऑपरेशनल स्थिती. ॲडमिन डाउन असेल तर ऑपरेशनलही डाउनच दिसायला हवी. तिथे गाडी काढायची नाही, ज्यानं पोर्ट बंद केला त्याला फोन लावायचा. ॲडमिन अप आणि ऑपरेशनल डाउन, ही जोडी मात्र बिघाडाची. 2000 सालच्या आरएफसी 2863 या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात ऑपरेशनल स्थितीचे सात प्रकार आहेत आणि त्यातले दोन फार कामाचे. ‘नॉट प्रेझेंट’ म्हणजे एखादा भाग जागेवरच नाही, बहुतेक वेळा हार्डवेअरचा. निघताना सुटा भाग सोबत घ्या. ‘लोअर लेयर डाउन’ म्हणजे दुखणं या इंटरफेसचं (पोर्टचं किंवा त्यावर उभ्या जोडणीचं) नाही, तो ज्याच्यावर उभा आहे त्या खालच्या थराचं आहे.

पोलिंग पाच मिनिटांनी होत असेल तर मधे पोर्ट क्षणभर बंद पडून परत सुरू झाला तर ते नजरेतून सुटतं. त्यावर उपाय आहे: शेवटचा बदल कधी झाला ती नोंद आणि यंत्राचा अपटाइमही (सुरू होऊन किती वेळ झाला ते) वाचत जा. अपटाइम काही मिनिटांचाच निघाला तर यंत्र नव्यानं सुरू झालंय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचं कारण बहुधा वीजच.

ट्रॅप म्हणजे यंत्रानं न विचारता स्वतःहून पाठवलेली सूचना. तो तात्काळ येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तो यूडीपीवरून, म्हणजे पोचल्याची खात्री न देणाऱ्या पद्धतीनं जातो आणि त्याची पोच मिळत नाही. गावाची एकुलती एक वाट तुटली की ट्रॅपही तिथेच अडकतो. इन्फॉर्म या दुसऱ्या प्रकारच्या सूचनेला पोच असते, पण वाटच नसेल तर त्याचाही इलाज नाही. म्हणून पाया पोलिंगचा ठेवा आणि ट्रॅप जोडीला घ्या.

दूरसंचारवाल्यांची यंत्रांच्या स्थिती कशा नोंदवायच्या याची एक्स.731 ही 1992 ची शिफारसही आहे. त्यात वापराची स्थिती वेगळी मोजतात आणि ‘शटिंग डाउन’मध्ये चालू काम पुरं होऊ देऊन नवं घेत नाहीत. विचार उत्तम आहे, पण लहान नेटवर्कसाठी त्यामागे लागू नका.

जीपॉन (एकच फायबर वाटून अनेक ग्राहकांना जोडणारी पद्धत) असेल तर ‘डाइंग गॅस्प’ नक्की मागा. वीज जाताच ओएनटी (ग्राहकाकडचं यंत्र) विझता-विझता ओएलटीला (पुरवठादाराकडच्या मुख्य यंत्राला) तेवढा एक संदेश पाठवतो. तो न येता प्रकाश गेला, तर संशय केबलवर. मात्र प्रत्येक ओएनटीकडून तो येईलच असं नाही. खरेदीआधी एकदा प्लग काढा, एकदा फायबर काढा, आणि ओएलटीवर दोन वेगळे अलार्म उमटतात का ते स्वतः पाहा.