सरकारी आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड : करून बाहेर पडलेल्याचा रिव्ह्यू

दहावीचा निकाल लागला की नात्यातलं कोणीतरी फोन करतंच, पोराला अकरावी सायन्सला टाकू का आयटीआयला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी आयटीआयमधनं इलेक्ट्रिशियन केलंय, कागदावर वीजतंत्री, दोन वर्षांचा ट्रेड. आता शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. रेटिंग पाचात साडेतीन.

फी नावालाच होती, घरच्यांना कर्जबिर्ज काही काढावं लागलं नाही. आणि काम हाताचं. सुरुवातीला नुसते वायरचे जॉइंट, ब्रिटानिया, मॅरिड, टी, बोटं सोलून निघतात आणि वाटतं हे काय शिकतोय, घरी तर टेप गुंडाळून भागतं की. मग जिन्याची वायरिंग, मोटर चालू करायचे स्टार्टर म्हणजे डीओएल आणि स्टार-डेल्टा, मोटर रिवाइंडिंग. आमचे सर पॅनेलमधली एखादी वायर गुपचूप ढिली करून ठेवायचे, म्हणायचे शोध आता फॉल्ट, आणि स्वतः चहाला. आज नाईटला मशीन बंद पडलं की मी तेच करतो, आधी सप्लाय येतोय का बघायचं, मग ओव्हरलोड रिले (मोटरवर लोड जास्त झाला की सप्लाय तोडणारा) ट्रिप झालाय का, मग कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा सप्लाय चालू-बंद करणारा स्विच, त्याची कॉइल. पुस्तक वाचून हे येत नाही राव, सुपरवायझर मागं उभा असताना तर अजिबातच नाही.

आता दीड स्टार कुठं कापला ते सांगतो. बॅच वीस पोरांची आणि चालणारा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, एकच. पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, पहिल्यांदा बघितला तो थेट कंपनीत. मधे सरांची बदली झाली आणि जागा कितीतरी दिवस रिकामीच, तेव्हा आम्ही जे शिकलो ते म्हणजे व्हॉलीबॉल.

आणि नुसतं सर्टिफिकेट घेऊन कंपनीच्या गेटवर गेलात तर हेल्परचंच काम देतात, अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत स्टायपेंडवर राहून काम शिकणं, केल्याशिवाय या कोर्सला खरी किंमत नाही. २०१९ च्या नियमात अप्रेंटिसचा कमीत कमी स्टायपेंड आयटीआयवाल्याला महिना ७००० होता आणि डिग्रीवाल्याला ९०००. फरक दोन हजाराचा. इंजिनीअरिंगवाला बारावीनंतर चार वर्षं शिकून तिथं पोचला, मी दहावीनंतर दोन. अर्थात पुढं जाऊन हा फरक वाढतो, ते लपवत नाही. ज्युनिअर इंजिनीअरच्या पोस्टला डिप्लोमा नाहीतर डिग्री लागतेच, आणि आमच्या कंपनीत मी कितीही फॉल्ट काढले तरी एका खुर्चीच्या वर मला कोणी बसवणार नाही, हे आत्तापासनंच टोचायला लागलंय. पण दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि तिथनं पुढं डिग्रीला जाता येतं, त्यामुळं डिग्रीचा रस्ता बंद होतो हे लोक सांगतात ते खोटं आहे, लांबचा होतो एवढंच. डिग्रीवर माझा राग नाही. राग आहे तो कुठंच नंबर लागला नाही म्हणून बी.ए.ला नाव घालायचं, तीन वर्षं हजेरीपुरतं जायचं आणि मग पोलीस भरतीच्या ग्राउंडवर दिसायचं, याच्यावर. त्या वयातली तीन वर्षं लई महाग असतात. ज्याला खरंच शिकायचंय त्यानं बी.ए. खुशाल करावं.

इज्जतीचं म्हणाल तर घरचा फ्यूज उडाला की अख्खी गल्ली मला हाक मारते, पण मावशीनं माझ्या बायोडाट्यात नुसतं 'इलेक्ट्रिकल' लिहिलंय, आयटीआय हा शब्दच गायब.

घ्यायचं ठरवलंच तर फॉर्म भरायच्या आधी आयटीआयमध्ये स्वतः जाऊन वर्कशॉप बघा, ऑफिस नको. मोटरींवर धूळ बसलीय का, ट्रेडला सर भरलेले आहेत का, आणि मागच्या बॅचची पोरं अप्रेंटिसला कुठं लागली ते शिपायाला नाहीतर कँटीनवाल्याला विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं. ऑनलाइन फॉर्मला पसंतीक्रम टाकताना घराजवळचं म्हणून पहिलं टाकू नका, एसटीचा पास काढावा लागला तरी जिथलं वर्कशॉप चालू आहे ते वर टाका.