जंगलातल्या अवघड वाटा: हार्डटेल की फुल सस्पेन्शन?

गटाने दोन दिवस जंगलातल्या खडतर वाटांवर सायकली घालायच्या म्हटलं की पहिला वाद हाच. हार्डटेलला सस्पेन्शन, म्हणजे दबून धक्के शोषणारी यंत्रणा, फक्त पुढे; ती साधारण 100 ते 130 मिमी दबते. वजन कमी, चढाला पायाचा जोर वाया जात नाही, आणि मागच्या बाजूला बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

फुल सस्पेन्शनला ती मागेही असते, आणि तिची खरी गंमत उतारावर. मुळांच्या जाळ्यावरून, सुट्या दगडांवरून जाताना मागचं चाक उसळत नाही, जमिनीला धरून राहतं. म्हणून ब्रेकही नीट लागतो. दुसऱ्या दिवशी कंबर कमी कुरकुरते, हे बरेच जण हिशेबातच धरत नाहीत. मात्र शॉकमधली, म्हणजे मागचे धक्के शोषणाऱ्या भागातली, हवा स्वाराच्या वजनाप्रमाणे भरावी लागते: नुसतं बसल्यावर तो 25 ते 30 टक्के दबायला हवा. सायकल भाड्याची असेल तर हे निघण्याआधीच तपासा. आधीचा स्वार तुमच्या दीडपट वजनाचा असू शकतो!

नवख्याला मी तरी फुल सस्पेन्शनच देईन. हार्डटेलवाल्याने निदान रुंद ट्यूबलेस टायर लावावेत. कमी हवेवर चालतात, पकडही वाढते. गटात दोन्ही असतील तर उतारावर फुल सस्पेन्शनवाल्यांना पुढे सोडा.