साडेबावीस हजारांचं प्लायवूड

मी अंबडच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या प्लांटवर क्वालिटी बघतो. सतरा वर्षं झाली. पत्र्यावर 60 ते 80 मायक्रॉनचा थर बसलाय का ते मीटर लावून बघायचं, पार्ट तिरपा धरून उजेडात खालचा डाग शोधायचा, सापडला की माल परत. हे आधी सांगतोय, कारण ज्याचं पोट कोटिंगमधल्या चुका काढण्यावर चालतं त्याला एका गिटारवाल्याने कोटिंग दाखवूनच फसवलं. घरात विषय निघाला की बायको अजून हसते.

दसऱ्याला लेकीसाठी गिटार घ्यायची होती. क्लासचे सर म्हणाले, आता तिचा हात बसलाय, सॉलिड टॉपची घ्या. तारांखालची पुढची फळी म्हणजे टॉप. गिटारचा आवाज मुख्यतः तीच काढते. ती खऱ्या स्प्रूसच्या किंवा सिडारच्या फळीची असेल तर सॉलिड. पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले असतील तर लॅमिनेट, आपल्या भाषेत प्लाय. हे सरांनी नीट समजावलं होतं. मी निम्मंच ऐकलं.

दुकान नाशिकमधलंच, नाव लिहीत नाही. लेकीने आधी मॅट फिनिशची एक साधी गिटार उचलली. फिक्या लाकडी रंगाची, बोट फिरवलं की लाकडाची रेघ लागायची. किंमत 16,000. माझी नजर मात्र वरच्या खिळ्यावर. तिथे सनबर्स्ट लटकत होती: मधोमध मधासारखी पिवळी, कडेला जात जात कॉफीसारखी काळपट, आणि चकाकी अशी की ट्यूबलाइट तिच्यात सरळ दिसावी. मालक म्हणाला, "साहेब, ही नायट्रो फिनिश आहे. सॉलिड टॉप. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या अजून हेच मारतात."

इथे मी अडकलो. नायट्रो म्हणजे नायट्रोसेल्युलोज, फर्निचरवाले ज्याला एनसी लॅकर म्हणतात ते. पातळ बसतं, वर्षं गेली की पिवळसर होतं, त्याला केसासारख्या चिरा पडतात, आणि जुन्या गिटारांचे शौकीन त्या चिरांवरच जीव टाकतात. हे मला माहीत होतं, त्यामुळे मालकाला ऐकवायला लागलो. तो मान हलवत राहिला, "तुम्हाला कळतं साहेब, बाकीच्यांना नुसता रंग दिसतो." माझ्यासारख्या माणसाला गंडवायला एवढं पुरतं.

लेकीने दोन्ही वाजवून बघितल्या. "बाबा, ती मॅटवाली जास्त मोकळी वाजते. ही डब्यासारखी वाटते." मालक लगेच म्हणाला, सॉलिड टॉप वाजता वाजता उघडतो, वर्षभर थांबा. गंमत म्हणजे सॉलिड टॉपचा आवाज वाजवत गेल्यावर खुलतो असं वादकही सांगतात. पण उघडायला आधी तो सॉलिड असावा लागतो.

22,500 ला ठरली. 12,500 यूपीआयने, 10,000 रोख, "पक्क्या बिलाला जीएसटी लागेल साहेब." मी कच्च्या पावतीवर तयार झालो. पावतीवर काय लिहिलंय ते तेव्हा वाचलंही नाही: गिटार, 1 नग.

एप्रिलमध्ये लेक म्हणाली, तारा खूप वर आल्यात, बोटं दुखतात. बघतो तर ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती काळी पट्टी, मागच्या बाजूने उचललेली. खाली कागद सरकत होता. लाइट गेजच्या सहा तारा मिळून साधारण 70 किलोचा ताण असतो, तो सगळा त्या पट्टीवर. दुकानात फोन केला. "उन्हात ठेवली असेल तुम्ही." आमच्या गिटारने खोलीबाहेरचं ऊन बघितलेलं नाही.

पंचवटीत एक काका हार्मोनियम, तंबोरे, गिटार दुरुस्त करतात. त्यांनी पातेलं गरम करायच्या शेगडीवर पातळ सुरी तापवली आणि ब्रिजखाली हळूहळू घालत पट्टी सोडवली. खाली लाकूड नव्हतंच. पिवळी, गुळगुळीत, चकचकीत फिनिश, वर गोंदाचे वाळलेले पोपडे. "रंगावर चिकटवलाय हो," काका म्हणाले, "लाकडाला लाकूड धरतं, काचेला काय धरणार?" ब्रिजच्या जागेपुरतं फिनिश खरवडून खालच्या कोऱ्या लाकडावर गोंद लावायचा असतो. आमच्या प्लांटवर याला अ‍ॅडहिजन फेल, म्हणजे पकड न बसणं, म्हणतात आणि असा पार्ट मी दिवसाला दहादा बाहेर फेकतो.

मग काकांनी साउंडहोलची, म्हणजे तारांखालच्या गोल भोकाची, कड दाखवली. ती काळ्या रंगाने झाकलेली. ब्लेडने नखाएवढा रंग खरवडला तर आत तीन थर, मधला गडद. खऱ्या सॉलिड टॉपमध्ये वरून दिसणारी लाकडाची रेघ त्या कडेवर तशीच खाली उतरताना दिसते. मोबाइलचा टॉर्च आणि दाढीचा आरसा आत धरला, तर टॉपच्या आतल्या बाजूला आठ आण्याएवढी गाठ. बाहेर त्याच जागी सरळ, बारीक, एकसारख्या रेघा. अडीच-तीन मिलिमीटरच्या फळीत गाठ एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं होत नाही. सनबर्स्टचा काळा काठ का इतका रुंद होता तेही तेव्हा कळलं. गडद कोट काय काय पोटात घेतो हे मी कामावर नव्या पोरांना शिकवतो.

राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी गिटार गळ्यात अडकवायच्या पट्ट्याच्या बटनाखाली, जिथे दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या काडीने एनसी थिनर लावला. नायट्रो असतं तर थोड्या वेळात मऊ, चिकट झालं असतं. काही झालं नाही, उलट स्वच्छ निघालं. म्हणजे पॉलिएस्टर किंवा पीयू (पॉलियुरेथेन). कडेला एक टवका काचेसारखा उडालेला होता. त्याची जाडी व्हर्नियरने मोजली: 0.6 मिमी. चांगल्या चकचकीत गिटारवर सगळं फिनिश मिळून 0.15 मिमीच्या आसपास असतं. पातळ फळीवर अर्ध्या मिलिमीटरहून जाड कवच चढवलं तर ती हलणार कशी? लेकीचा डबा तो हाच.

पॉलिएस्टर म्हणजे फसवणूक असं मात्र समजू नका. टेलरसारखी कंपनी यूव्ही दिव्याखाली सुकवलेलं पॉलिएस्टरच वापरते, फक्त पातळ. नायट्रोलाही खोडी आहेतच, साध्या रबराच्या स्टँडवर ठेवलं तर डाग पडतो. लॅमिनेटही वाईट नाही. शिकाऊ पोराला, आणि नाशिकच्या हवेत, जिथे एप्रिलमध्ये ओठ फुटतात आणि जुलैत भिंतीला ओल येते, प्लायची गिटार जास्त निर्धास्त. सॉलिड टॉपला 45 ते 55 टक्के आर्द्रता लागते, नाहीतर कोरड्यात चिरतो, ओलीत फुगतो. यामाहाच्या एफ-310 चा टॉप लॅमिनेट आहे, एफजी-800 चा सॉलिड, आणि कंपनी ते लपवत नाही. माहितीपत्रकात 'सॉलिड स्प्रूस' लिहिलेलं असतं. नुसतं 'स्प्रूस टॉप' असेल तर प्लाय धरून चाला. राग आहे तो प्लाय सॉलिडच्या भावाने गळ्यात मारल्याचा. काकांच्या अंदाजाने माझी गिटार सहा-सात हजारांची.

दुकानात गेलो तर मालक म्हणाला, "मी सॉलिड म्हणजे मजबूत म्हटलं होतं." खरंच हेच म्हणाला. माझं नशीब, खरेदीच्या आदल्या दिवशी मी व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं आणि त्याने 'सॉलिड स्प्रूस टॉप, नायट्रो' असं लिहून पाठवलं होतं. तो मेसेज नसता तर 'गिटार, 1 नग' घेऊन कुठे जाणार होतो? तेव्हा तोंडी ऐकू नका, लिहून घ्या, पक्क्या बिलावर लाकूड आणि फिनिश दोन्ही लिहायला लावा. आढेवेढे घेतले तर तिथूनच परत फिरा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायचीही तयारी ठेवली होती. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. आठवड्याने मालकाचाच फोन. आवाज बदललेला. रोख दिलेले दहा हजार परत करतो म्हणाला, बाकीचं विसरा. दोन हप्त्यांत दिले, तेवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

काकांनी ब्रिजखालचं फिनिश खरवडून तो परत बसवला, 800 रुपये घेतले. त्याआधी मी मालकाला एक विचारून बघितलं होतं: पैसे नकोत, ही ठेवून घ्या आणि त्या दिवशी पोरीने हातात घेतली होती ती मॅटवाली द्या.

"ती होय? ती तर दिवाळीतच गेली साहेब."