‘अ‍ॅम्युलेट’ की ‘द विच बॉय’?

इंग्रजी वाचू लागलेल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी जादूच्या या दोन चित्रकादंबऱ्यांपैकी कोणती घ्यावी, असा प्रश्न एका मैत्रिणीला पडला आहे.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. काझू किबुइशी यांची ‘अ‍ॅम्युलेट’ मालिका २००८ ते २०२४ या काळात नऊ भागांत पूर्ण झाली आणि कथा सलग असल्याने पहिल्या भागावर थांबणे अवघड जाते. मॉली नॉक्स ऑस्टरटॅग यांची ‘द विच बॉय’ मालिका तीनच भागांची असून २०१७ साली आलेला तिचा पहिला भाग स्वतंत्रपणेही पुरा वाटतो.

खरा फरक आत्मशोधाच्या मांडणीत आहे. ‘अ‍ॅम्युलेट’ची नायिका एमिली हिला पणजोबांच्या घरात सापडलेला ताईत तिला शक्ती देतो, पण तिच्याशी बोलत तिच्या मनाचा ताबाही घेऊ पाहतो. ‘द विच बॉय’चा नायक ॲस्टर याच्या घराण्यात मुलींनी मंत्रविद्या शिकायची आणि मुलांनी प्राण्यांची रूपे घ्यायची, असा दंडक आहे. त्याला मात्र मंत्रविद्याच हवी असते आणि मुलींचे धडे तो चोरून ऐकतो. शत्रू बाहेरचा नसून घरचेच आडवे येतात, ही कोंडी मला अधिक खरी वाटते.

भीतीचे म्हणाल, तर ‘अ‍ॅम्युलेट’ वडिलांच्या अपघाती मृत्यूनेच सुरू होते. हळव्या मुलांसोबत ती पाने मोठ्यांनी वाचावीत.

साहस, यंत्रमानव आणि भव्य चित्रे आवडणाऱ्यांनी ‘अ‍ॅम्युलेट’ घ्यावी. ‘मुलीसारखा’ म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलासाठी, किंवा एकाच पुस्तकाची ऐपत असल्यास, ‘द विच बॉय’ घ्यावे.