भरतकामाच्या सुया: कापडी सुईवही की चुंबकाची डबी?

पाकिटातून बाहेर काढलेल्या सुईचा क्रमांक पुन्हा सापडत नाही, म्हणून सुया फेल्टच्या पानांच्या सुईवहीत टोचून ठेवाव्यात की चुंबकाच्या डबीत, असा प्रश्न भरतकाम शिकणाऱ्यांना नेहमी पडतो.

ओळख पटवण्यात सुईवहीच सरस आहे. २४ क्रमांकाची टॅपेस्ट्री सुई आणि त्याच क्रमांकाची शनील सुई लांबीला, जाडीला आणि नेढ्याला जवळपास सारख्याच असतात. फरक एवढाच की मॅटी या चौकटीदार विणीच्या कापडावरच्या क्रॉस स्टिचसाठी (फुलीच्या टाक्यासाठी) वापरायच्या टॅपेस्ट्री सुईचे टोक बोथट असते, तर शनीलचे अणकुचीदार. डबीत त्या एकत्र पडल्या की दर वेळी टोक बोटाला लावून पाहावे लागते. वहीत मात्र प्रत्येक प्रकाराला वेगळे पान देऊन त्यावर क्रमांक दोऱ्याने भरता येतो. (क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, हे नवशिक्यांना उलटे वाटते.)

वही उरलेल्या तुकड्यांतून घरीच शिवता येते, त्यामुळे खर्च नाममात्र.

टिकाऊपणात वहीची बाजू थोडी लंगडी पडते, कारण कोकणातल्या पावसाळ्यात कापड ओल धरते आणि सुया गंजतात. डबीत ती अडचण कमी असली, तरी चुंबकाच्या सहवासाने सुयाही चुंबकित होऊन एकमेकींना चिकटतात.

अनेक प्रकारच्या सुया बाळगणाऱ्यांनी वहीच करावी. एकाच प्रकारची सुई वापरणाऱ्यांना, किंवा घरात रांगते मूल असल्याने पडलेली सुई तत्काळ उचलावी लागणाऱ्यांना, डबी अधिक सोयीची आहे.